संत इग्नेशियस लोयोला : जेरुसलेमच्या वाटेची तयारी



सेंट झेवियर हे नाव शाळा-कॉलेजांमुळे आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे. जुन्या गोव्याला सहल गेली की मुलं त्यांचं चर्चही पाहतात. पण झेवियरना या वाटेवर आणणारे इग्नेशियस लोयोला मात्र मुलांना फारसे ठाऊक नसतात. त्यांच्या चरित्रातला यात्रेच्या तयारीचा भाग मला सगळ्यात जास्त आवडतो, म्हणून आज तोच सविस्तर सांगते. बाकीचं थोडक्यात.

त्यांचा जन्म १४९१ चा. स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रदेशात लोयोला घराण्याचा वाडा होता. घरातलं नाव इनिगो. तरुणपणी तलवार, भारी कपडे आणि दरबारातला मान, एवढंच त्यांचं जग. २० मे १५२१ ला पाम्प्लोना इथं फ्रेंच सैन्याशी लढताना तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. हाड नीट बसलं नाही म्हणून घरी आणून पुन्हा मोडून बसवलं. तरी गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिलाच. घट्ट बूट चांगले दिसणार नाहीत म्हणून त्यांनी तो कापून काढायला लावला! भूल द्यायची सोय नसलेला तो काळ. एवढं सोसूनही पाय थोडा आखूडच राहिला आणि ते कायम लंगडत चालले.

अंथरुणावर वेळ जाईना, म्हणून त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. घरात त्या नव्हत्याच. होती ती फक्त दोन पुस्तकं, एक येशू ख्रिस्ताचं चरित्र आणि दुसरं संतांच्या कथांचं. नाइलाजानं ती वाचायला घेतली आणि तिथंच सगळं फिरलं. येशू जिथं चालले त्या जेरुसलेमला आपण जायचंच, हा ध्यास लागला. पुस्तकातला आवडलेला मजकूर त्यांनी वहीत उतरवला, येशूचे शब्द तांबड्या शाईनं आणि मरियमचे निळ्या शाईनं. ती वही सुमारे तीनशे पानांची झाली. (आपण मुलांना दोन पेन वापरायला सांगतो ना, तसंच!)

१५२२ च्या सुरुवातीला ते खेचरावर बसून घरातून निघाले. राहिलेला पगार वसूल केला, ज्यांचं देणं लागत होतं त्यांना ते पोचतं केलं आणि सोबतच्या नोकरांना परत पाठवलं. मॉन्टसेराटच्या डोंगरावरच्या मठाच्या अलीकडे एका गावात त्यांनी यात्रेचं सामान घेतलं. गोणपाटाचं जाडंभरडं टोचणारं कापड घेऊन पायघोळ अंगरखा शिवून घेतला. एक काठी, पाण्यासाठी एक भोपळा आणि दोरीच्या तळव्याचा जोडा घेतला. जोड्यातला एकच पायात घातला. दुसरा पाय अनवाणी ठेवायचं त्यांच्या मनात होतं, पण दुखऱ्या पायाला पट्टी होती आणि तो रात्री सुजायचा, म्हणून त्या पायात जोडा घालणं भाग होतं.

मठात तीन दिवस बसून त्यांनी आयुष्यभराच्या चुका लिहून काढल्या आणि धर्मगुरूंपुढे कबूल केल्या. खेचर मठाला दिलं. तलवार आणि खंजीर मरियमच्या वेदीपाशी टांगायला दिले. २४ मार्चच्या रात्री अंगावरचे उंची कपडे एका गरिबाला देऊन स्वतः गोणपाट घातलं आणि हातात काठी धरून कधी उभं, कधी गुडघ्यावर, अशी सगळी रात्र प्रार्थनेत काढली. पण हे कपडे चोरलेले असणार म्हणून लोकांनी त्या गरिबालाच धरलं. ते कळलं तेव्हा इनिगोंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण चांगलं करायला गेलो आणि त्रास दुसऱ्याला झाला!

पुढे मानरेसा गावात थोडे दिवस थांबायचं ठरलं होतं, पण तिथं दहा महिने गेले. १५२३ मध्ये बार्सेलोनाहून जहाज मिळालं. भाडं माफ होतं, पण वाटेत खायची बिस्किटं ज्याची त्यानं आणायची होती. देवावर भरवसा आहे तर शिदोरी कशाला, या विचारानं ते अडून बसले. शेवटी धर्मगुरूंच्या सांगण्यावरून भीक मागून बिस्किटं घेतली आणि उरलेली नाणी किनाऱ्यावरच्या बाकावर ठेवून दिली. सोबती नको म्हणाले, कारण मग आधार त्याचाच वाटला असता. हा हट्ट मला थोडा जास्तच वाटतो, पण माणूस तसा होता.

रोमला पोपकडून परवानगी घेतली आणि तिथून पायी व्हेनिस गाठलं. जहाजात चढायच्या दिवशी ते आजारी होते, डॉक्टरांचा नकार होता, तरी चढले. सायप्रस, जाफा करत ४ सप्टेंबर १५२३ ला जेरुसलेमला पोचले. त्यांना तिथंच कायमचं राहायचं होतं, पण यात्रेकरू पकडले जात, मारले जात, म्हणून तिथल्या फ्रान्सिस्कन प्रमुखांनी परत जायची आज्ञा केली. निघण्याआधी ते एकटेच ऑलिव्ह डोंगरावर गेले. स्वर्गारोहणाच्या जागी दगडावर येशूच्या पावलांच्या खुणा आहेत अशी श्रद्धा आहे. पहारेकऱ्यांना छोटी सुरी देऊन त्या पाहिल्या. पुढे गेल्यावर आठवलं की कोणतं पाऊल कुठल्या दिशेला होतं हे नीट पाहिलंच नाही! मग परत येऊन पहारेकऱ्यांना कात्री दिली आणि पुन्हा पाहिलं. शोधायला आलेल्या मठाच्या सेवकानं रागानं दंड धरून त्यांना परत नेलं. तीन आठवड्यांच्या आत जेरुसलेम सुटलं.

परतल्यावर तिशी ओलांडलेले इग्नेशियस बार्सेलोनात लॅटिनची मुळाक्षरं गिरवायला बसले. पुढे पॅरिसला शिकताना झेवियर भेटले. १५३४ ला सोबत्यांनी मिळून जेरुसलेमला जायची शपथ घेतली, पण १५३७ ला व्हेनिसमध्ये तुर्कांशी युद्धामुळे जहाजच मिळेना. मग सगळे रोमला गेले. १५४० मध्ये येशू संघाला पोपची मान्यता मिळाली आणि १५४२ मध्ये झेवियर गोव्यात उतरले. इग्नेशियस मात्र ३१ जुलै १५५६ ला रोममध्येच वारले. जेरुसलेम पुन्हा दिसलं नाही.

वर्गात सांगताना नकाशा जरूर लावा. लोयोला, मॉन्टसेराट, बार्सेलोना, रोम, व्हेनिस, सायप्रस, जाफा, जेरुसलेम अशी दोरी मुलांकडून लावून घ्या. माझ्या वर्गातल्या मुलांनी दोरी लावून झाल्यावर पहिला प्रश्न विचारला, तो त्या बाकावरच्या नाण्यांचा : ती मग कोणी घेतली?