रेव्ह. नारायण वामन टिळक

रेव्ह. टिळकांचा जन्म इ. स. १८६१ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं ब्राह्मण कुळांत झाला. १८९३ सालीं आगगाडींत एका युरोपियन गृहस्थानें त्यांस नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचन वाचून त्यांचें मन प्रभूकडे ओढलें गेलें व १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंचाही वियोग त्यांस कित्येक वर्षें सोसावा लागला.

नगरास अमेरिकन मराठी मिशनमध्यें सेवा करितां त्यांस दिसून आलें कीं, मंडळींतील पुष्कळ गीतें इंग्रजीवरून केलेलीं, चालीही विलायती. जात्यावरच्या ओव्या व तुकोबांचे अभंग ऐकत वाढलेल्या शेतकऱ्यास तीं परकीं वाटत. तुकोबांच्या वाणीनेंच आपणांस ख्रिस्ताच्या पायांपाशीं आणिलें असें मानणाऱ्या टिळकांनीं अभंग, ओवी व कीर्तन हीं प्रभूच्या सेवेस लाविलीं. १९१७ सालीं मिशनचा पगार सोडून त्यांनीं साताऱ्यास देवाचा दरबार उभारिला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांसही तेथें दार मोकळें होतें. ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस प्रभूमध्यें निजले. त्यांचें ओवीबद्ध ख्रिस्तायन अपुरें राहिलें, तें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें.

बंधूंनो, तारण, नीतिमत्त्व, पुनरुत्थान हे शब्द आम्ही सवयीनें उच्चारितों. शेजारच्या बाईस ते कळतात काय, हें आम्हीं कधीं विचारिलें आहे काय? कळत नसतील, तर दोष आमचाच होय. सुवार्ता तीच ठेवून टिळकांनीं ती मायबोलींत सांगितली. तेंच आम्हीं करावें, व प्रभूनें आम्हांस तशी वाणी द्यावी.