पंडितेची रिकामी ओंजळ

साल १८७८. कलकत्त्यात संस्कृतचे बडे बडे विद्वान जमलेत आणि त्यांच्यासमोर वीस वर्षांची एक मराठी मुलगी उभी आहे. म्हणजे तुमच्याच वयाची. ते प्रश्न विचारतात आणि ती अस्खलित संस्कृतमध्ये उत्तरं देते. शेवटी ही सगळी मंडळी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देतात.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर चार ओळी तुम्ही वाचल्या असतील. समाजसुधारक, शारदा सदन, मुक्ती मिशन, झालं. पण त्या चार ओळींत न येणारी एक गोष्ट आहे.

त्याआधी थोडं मागे जाऊ. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारा त्या काळातला विरळा माणूस. हे कुटुंब पुराणं सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी पायी फिरायचं. १८७४च्या सुमारास दुष्काळात आई-वडील गेले, पाठोपाठ बहीण गेली. पुढे भाऊ गेला. १८८२ मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात तान्ही मनोरमा. रमाबाई तेव्हा चोविशीच्या आतच होत्या.

पुढच्या वर्षी शिकायला त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज इथल्या ख्रिस्ती सिस्टर्सकडे राहिल्या. समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना या सिस्टर्स मायेने सांभाळताना त्यांनी पाहिलं. आपल्याकडे अशा बायकांना दारात कोण उभं करतं, हा प्रश्न त्यांना पडला. विहिरीवर येशूशी बोलणाऱ्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांनी तिथेच समजून घेतली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता कुणाला वाटेल, बाई चर्चमध्ये गेल्या आणि मान खाली घालून बसल्या. छे! पटत नसलेल्या धर्ममतांवर त्या सिस्टर्सशी पत्रांतून भांडल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी तरुण मुलांना शिकवू नये, असं भारतातल्या बिशपांनी सुचवलं, तेव्हा त्या चांगल्याच संतापल्या. देवाने दिलेली बुद्धी वापरायला त्यांनी कुणाची परवानगी मागितली नाही.

मग अमेरिका. तिथे इंग्रजीत पुस्तक लिहिलं, भाषणं दिली, पैसा उभा केला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू केलं. ते नंतर पुण्यात आलं. तिशी ओलांडली तेव्हा त्यांच्या गाठीशी पदव्या, पुस्तकं, संस्था आणि तीन खंडांत झालेलं नाव, सगळं होतं. असा बायोडेटा कुणाला नको?

आणि इथेच ती न सांगितलेली गोष्ट येते. बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम यांचं पुस्तक पडलं. हॅस्लम हे इंग्लंडमधले पाद्री. आपण लोकांना जे सांगतोय ते आपल्याच मनाला भिडलेलं नाही, हे त्यांना व्यासपीठावर उपदेश करता करता उमगलं होतं. रमाबाई वाचता वाचता थबकल्या. त्यांना आपलंच चित्र दिसलं. ख्रिस्ती धर्म त्यांनी अभ्यासला होता, बुद्धीला पटला म्हणून स्वीकारला होता, पण ख्रिस्त मात्र भेटलेला नव्हता. पुढे आपल्या आत्मकथनात हे त्यांनी सगळ्यांसमोर मांडलं.

विचार करा, हे कबूल करणं किती अवघड असेल! धर्मांतरापायी त्यांनी केवढा रोष ओढवून घेतला होता. अशा वेळी कुणीही आपलं सगळं बरोबरच आहे, असं ठासून सांगितलं असतं. त्या मात्र देवासमोर रिकामी ओंजळ घेऊन बसल्या. माझी विद्या, माझं काम, यातलं काहीच पुरत नाही, मला तारणारा हवाय, एवढंच त्यांचं मागणं होतं. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात धन्य म्हटलेल्यांमध्ये पहिले येतात ते आत्म्याने दीन असलेले. त्या दीनपणाचा अर्थ इथे लागतो. माणसांपुढे लाचार होणं निराळं आणि आपली गरज ओळखून देवापुढे हात पसरणं निराळं.

म्हणून काही त्या गप्प झाल्या नाहीत. १८९३ मध्ये सदनातल्या मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो म्हणून पुण्यात मोठं वादळ उठलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाजूला झाले. मुलींसाठी आपल्या खोलीचं आणि प्रार्थनेचं दार त्यांनी तरीही बंद केलं नाही. त्यानंतरच्या दुष्काळांत त्या स्वतः फिरून उपाशी मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. मुक्ती सदन भरून गेलं.

आणि शेवटचं मोठं काम पाहा. पन्नाशीच्या आसपास ही संस्कृत पंडिता हिब्रू आणि ग्रीक शिकायला बसली. कशासाठी? केडगावच्या कमी शिकलेल्या बायकांना बायबल कळावं म्हणून. विद्वत्ता मिरवायची तर जड संस्कृत शब्द हाताशी होतेच. त्यांनी निवडली साधी मराठी. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या आणि दोन वर्षांनी ते अख्खं भाषांतर छापून आलं.

तुम्ही ख्रिस्ती असा वा नसा, सर्टिफिकेटांची फाइल तर रोज जाड होतेच आहे. ती जरूर होऊ द्या. पण कधीतरी ती बाजूला ठेवून स्वतःला विचारून बघा : या फाइलीत न मावणारं असं मला नेमकं काय हवंय?