विश्लेषण : ‘सी’च्या पुस्तकाचा अदृश्य जुळारी – जो ओसाना

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलवर ‘मॅन’ लिहून एखाद्या आज्ञेचे नाव दिले की तिची माहिती नेटक्या परिच्छेदांत पडद्यावर येते. ही पाने आजही ज्या खुणांच्या भाषेत लिहिली जातात, तिला आकार देणारे अभियंते म्हणजे जोसेफ ओसाना.

ओसाना कोण होते?

१० डिसेंबर १९२८ रोजी डेट्रॉइटमध्ये त्यांचा जन्म झाला. वेन स्टेट विद्यापीठातून १९५२ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बेल लॅब्जमध्ये गेले. तेथे ते ‘मल्टिक्स’ या महत्त्वाकांक्षी प्रकल्पात होते. १९६९ मध्ये बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतले आणि केन थॉम्प्सन, डेनिस रिची जुनाट पीडीपी-७ यंत्रावर युनिक्स रचू लागले. नवे यंत्र हवे होते. पण एकदा हात पोळलेले वरिष्ठ आणखी एका कार्यप्रणालीसाठी पैसे देईनात.

ओसाना यांनी वेगळीच वाट काढली. कार्यप्रणालीचे नाव न काढता मजकूर मांडणीच्या कामासाठी यंत्र मागायचे! पीडीपी-११ आले. पेटंट विभाग तेव्हा बाजारातील दुसरी प्रणाली घेण्याच्या विचारात होता. अर्जाच्या ओळींना क्रमांक हवेत, ही त्यांची गरज ‘रॉफ’मध्ये भागवून दिली गेली. या विभागातील टंकलेखक १९७१ मध्ये युनिक्सचे पहिले खरे ग्राहक ठरले. मजकुराच्या सोयीचे हे निमित्त नसते, तर युनिक्सला घर मिळणे कठीणच होते.

टिंबांची भाषा कशी चालते?

ओळीच्या सुरुवातीला टिंब आणि पुढे दोन अक्षरे, की ती ओळ मजकूर न राहता हुकूम होते : जागा सोड, मध्यभागी घे, नवे पान काढ. ही कल्पना एमआयटीतील ‘रनऑफ’पासून चालत आली. ओसाना यांच्या ‘एनरॉफ’ने मात्र लेखकाला स्वतःचे हुकूम बनवण्याची मुभा दिली. एरवी यंत्र ओळी भरून कडा सरळ करते. प्रोग्रामचा नमुना असा भरला, तर त्याचा चुथडा होईल. तेथे ‘भरू नकोस’ असा हुकूम असतो आणि ओळी लिहिल्या तशाच राहतात. संगणक भाषांच्या पुस्तिकांना हे वरदानच होते.

पुढे फोटोटाइपसेटर आला. फिरत्या फिल्मवर चार टंक, त्यांतून प्रकाश टाकून अक्षर फोटोच्या कागदावर उमटायचे. या यंत्राला कागदी फितीवरून मजकूर पुरवण्याची रीत होती. ओसाना यांनी ते थेट संगणकाला जोडले आणि त्यासाठी ‘ट्रॉफ’ लिहिले. १९७३ पासून युनिक्सची पुस्तिका त्यावर जुळवली जाऊ लागली.

त्यांच्यानंतर काय झाले?

२८ नोव्हेंबर १९७७ रोजी, वयाच्या ४८व्या वर्षी ओसाना यांचे निधन झाले. कर्निगन आणि रिची यांचे ‘सी’ भाषेवरील गाजलेले पुस्तक, ‘ट्रॉफ’वरच जुळवलेले, १९७८ च्या आरंभी आले. ते पाहायला ते नव्हते.

मागे उरला तो प्रोग्राम विलक्षण गुंतागुंतीचा होता, आणि त्यात टिपा जवळजवळ नव्हत्या. इतरांच्या पुस्तिकांची सोय करणाऱ्या माणसाने वापरकर्त्यांसाठी पुस्तिका लिहिली, पण आतल्या वाटा आपल्याच डोक्यात ठेवल्या. शिवाय ‘ट्रॉफ’ त्या एकाच यंत्राला बांधलेले होते. अखेर ब्रायन कर्निगन यांनीच त्यात हात घातला आणि ते कोणत्याही छपाई यंत्रावर चालेल असे केले. टिंबांचे हुकूम मात्र त्यांनी तसेच ठेवले.