न्यूपोर्टचे लेवी कॉफिन

अमेरिकेच्या इंडियाना राज्यात वेन काउंटी नावाचा शेतकऱ्यांचा मुलूख आहे. १९ व्या शतकाच्या आरंभी नॉर्थ कॅरोलिनातील पुष्कळ क्वेकर कुटुंबे गुलामगिरीला विटून येथे येऊन राहिली. मुक्त कृष्णवर्णीयांनीही जवळपास वस्ती केली. याच काउंटीतील न्यूपोर्ट गावचे दुकानदार लेवी कॉफिन यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

लेवींचा जन्म १७९८ साली नॉर्थ कॅरोलिनात झाला. सातएक वर्षांचे असताना त्यांनी साखळदंडांनी जखडून नेलेले गुलाम पाहिले. बायकामुलांकडे पळून जाऊ नयेत म्हणून ही साखळी, असे त्यांना कळले. आपल्या बापाला असे कोणी नेले तर, हा विचार त्या बालमनातून पुढे कधी गेला नाही. १८२१ साली त्यांनी भाऊबंदांतील एकाच्या सोबतीने गुलामांसाठी शब्बाथशाळा काढली; पण धन्यांनी ती लवकरच बंद पाडली.

१८२६ साली ते न्यूपोर्टला आले. पळून आलेल्या गुलामांना तेथील कृष्णवर्णीय आसरा देत, पण त्यांतले काही पुन्हा पकडले जात. तेव्हा लेवी व त्यांच्या पत्नी कॅथरीन यांनी आपले दार उघडले. शेजाऱ्यांनी भय घातले, दुकानाचे गिऱ्हाईक तुटले. दार मात्र उघडेच राहिले. १८३९ साली बांधलेल्या त्यांच्या घरात विहीर आतच होती, म्हणजे पाण्याचा जादा खर्च कोणाच्या नजरेस येऊ नये. माडीवरील बुटक्या दारापुढे पलंग सरकवला की मागची खोली दिसेनाशी होई. वीस वर्षांत सुमारे २,००० जण या दांपत्याच्या आश्रयाने पुढे गेले, असे मानतात.

खरी कसोटी मात्र मंडळीतच झाली. क्वेकर गुलामगिरीला पाप मानीत. तरी पुढाऱ्यांना चळवळीची धास्ती वाटे. लेवी व त्यांच्या सोबत्यांना मंडळीच्या समित्यांवरून दूर केले गेले. १८४३ साली त्यांनी वेगळी सभा स्थापली. पुढे काही वर्षांनी ही फूट मिटली.

१८४७ साली ते सिनसिनाटीस गेले व गुलामांच्या श्रमावाचून तयार झालेला माल विकू लागले. १८७७ साली ते निवर्तले. त्यांच्या कबरेवर दगड नव्हता. १९०२ साली त्या शहरातील कृष्णवर्णीयांनी तो बसविला.

पापाला पाप म्हणणारे त्या काउंटीत पुष्कळ होते. रात्री दारावर थाप पडताच उठणारे थोडे होते. आपण कोणांपैकी आहो, हे आम्ही प्रथम स्वतःलाच विचारतो.