अलेक्सांद्र पुश्किन

अलेक्सांद्र सेर्गेयेविच पुश्किन (६ जून १७९९, मॉस्को – १० फेब्रुवारी १८३७, सेंट पीटर्सबर्ग) हे रशियन कवी, नाटककार व कथाकार होते. आधुनिक रशियन साहित्याचे जनक म्हणून ते ओळखले जातात. ‘येवगेनी अनेगिन’ ही पद्य कादंबरी व ‘बोरिस गदुनोव’ हे नाटक त्यांच्या प्रमुख कृती होत. (लेखातील दिनांक नव्या दिनदर्शिकेनुसार आहेत.)

पूर्वायुष्य

पुश्किन यांचा जन्म जुन्या सरदार घराण्यात झाला. त्यांचे पणजोबा अब्राम गानिबाल हे आफ्रिकी वंशाचे होते. राज्यकर्त्यांना न रुचणाऱ्या कवितांमुळे १८२० मध्ये पुश्किन यांना राजधानी सोडावी लागली. १८२६ मध्ये झार निकोलस पहिला याने त्यांना परत बोलावले. मात्र त्यांच्या लेखनाची तपासणी स्वतःकडे घेतली. १८३१ मध्ये त्यांचा विवाह नताल्या गोंचारोवा यांच्याशी झाला.

निनावी पत्रे

नताल्या यांच्या सौंदर्याची दरबारात ख्याती होती. घोडदळातील फ्रेंच अधिकारी जॉर्ज दांतेस हा त्यांच्याभोवती घुटमळू लागला आणि कुजबुज सुरू झाली. १६ नोव्हेंबर १८३६ रोजी पुश्किन व त्यांच्या काही मित्रांना एकाच मजकुराची निनावी पत्रे मिळाली. फसवल्या गेलेल्या पतींच्या मंडळात पुश्किन यांची नेमणूक झाल्याचे उपहासाने कळवणारी ही पत्रे फ्रेंच भाषेत होती. त्यामुळे दिवाणखान्यांतील कुजबुजीला लेखी रूप आले. पत्रलेखक कोण, हे अद्याप निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

पुश्किन यांनी दांतेसला द्वंद्वाचे आव्हान दिले. दांतेसने नताल्या यांच्या भगिनी येकातेरिना यांना मागणी घातल्याने ते मागे घेण्यात आले. २२ जानेवारी १८३७ रोजी हा विवाह झाला, तरी चर्चा थांबली नाही. उलट या विवाहाचे खरे कारण काय, याविषयी नवे तर्क सुरू झाले. अखेर पुश्किन यांनी दांतेसचा दत्तकपिता, डच राजदूत हेकरेन, याला अत्यंत अपमानास्पद पत्र धाडले.

द्वंद्व व वार्तेचा प्रसार

८ फेब्रुवारी रोजी चोर्नाया रेच्का या ओढ्याजवळ द्वंद्व झाले. पुश्किन यांच्या पोटात गोळी लागली. दांतेस किरकोळ जखमी झाला. द्वंद्व हा कायद्याने गुन्हा असल्याने वृत्तपत्रांनी त्याचा उल्लेख टाळला. तरीही बातमी तोंडोतोंडी शहरभर पसरली. मोइका नदीकाठच्या घरासमोर लोकांची रीघ लागली. कवी झुकोव्स्की प्रकृतीची माहिती लिहून दारावर लावत असत. निधनानंतर हजारो लोकांनी अंत्यदर्शन घेतले. उच्चभ्रू वर्तुळात दांतेसचे समर्थक बरेच होते, तर विद्यार्थी व सामान्य वाचक शोकाकुल होते.

एका वृत्तपत्राच्या साहित्य पुरवणीत गौरवपर मृत्युलेख छापल्याबद्दल संपादक क्रायेव्स्की यांना समज देण्यात आली. लेर्मोंतोव यांची पुश्किन यांच्या मृत्यूवरील कविता हस्तलिखित प्रतींद्वारे सर्वदूर पोहोचली. तिच्यात दरबारी मंडळींवर ठपका असल्याने त्यांची कॉकेशसला रवानगी झाली.

अंत्यविधी व परिणाम

जनक्षोभाच्या भीतीने अंत्यविधीचे चर्च ऐनवेळी बदलण्यात आले. पार्थिव रात्री गुपचूप शहराबाहेर नेऊन १८ फेब्रुवारीला स्व्यातोगोर्स्क मठात, आईच्या समाधीशेजारी दफन केले गेले. झारने पुश्किन यांचे कर्ज फेडले. दांतेसला पदच्युत करून रशियाबाहेर घालवण्यात आले. पुढे तो फ्रान्समध्ये सिनेटर झाला. १८४१ मध्ये लेर्मोंतोव यांचाही मृत्यू द्वंद्वातच झाला.