ऐकून लिहिणारा माणूस : स्टीफन हिस्लॉप आणि लिंगोची गाथा



मागच्या वर्षी चौथीच्या वर्गात मी 'जगातल्या दंतकथा' हा उपक्रम घेतला होता. ग्रीक लोकांचा प्रोमिथियस देवांकडून आग कशी चोरून आणतो, ही गोष्ट मी रंगवून सांगितली. मुलं खूश झाली. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी जवळ आली आणि हळूच म्हणाली की तिच्या आजीलाही आग आणायची एक गोष्ट येते, लिंगोची. मला ती गोष्ट माहीतच नव्हती. जन्म नागपूरचा, डी.एड. इथलंच, नोकरीही इथेच, आणि ज्या गोंड राजाने, बख्त बुलंद शाहाने, १७०२ च्या सुमारास हे शहर वसवलं, त्याच्या लोकांची सर्वांत मोठी कथा मला ठाऊक नव्हती. खरं सांगते, लाज वाटली.

मग शोधायला लागले. शोधता शोधता एक नाव समोर आलं, जे आपण नागपूरकर रोज ऐकतो पण त्यामागचा माणूस ओळखत नाही. ते नाव म्हणजे हिस्लॉप. सिव्हिल लाइन्समधलं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. आज त्या हिस्लॉप साहेबांचं चरित्र आपण बघू या.

जन्म आणि शिक्षण

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधल्या डन्स या छोट्या गावात झाला. एडिंबरा आणि ग्लासगो इथे त्यांचं शिक्षण झालं. धर्मशास्त्राचा अभ्यास करून ते पाद्री झाले. पण पुस्तकांइतकाच त्यांना निसर्गाचा नाद होता. दगड, शिंपले, किडे, झाडं, जे दिसेल ते निरखून बघायचं आणि टिपून ठेवायचं, ही सवय त्यांना आयुष्यभर पुरली.

१८४४ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि त्याच वर्षाच्या शेवटी पत्नीसह ते मुंबईला पोहोचले. फेब्रुवारी १८४५ मध्ये ते नागपुरात आले. त्या वेळी इथे भोसल्यांचं राज्य होतं आणि इंग्रजांची छावणी कामठीला होती. मिशनचं काम आधी तिथूनच सुरू झालं.

शाळा आणि मराठी

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हिस्लॉप आले ते ख्रिस्ती धर्माचा प्रसार करायला. ते लपवायचं कारण नाही आणि त्यावरून शहरात वादही झाले. पण काम करायचं तर लोकांची भाषा यायला हवी, म्हणून ते मराठी शिकले. १८४६ मध्ये त्यांनी नागपूर शहरात शाळा काढली. या भागातल्या नव्या पद्धतीच्या सुरुवातीच्या शाळांपैकी ही एक. पुढे १८८३ मध्ये याच कामातून कॉलेज उभं राहिलं, ते आजचं हिस्लॉप कॉलेज. ते बघायला हिस्लॉप हयात नव्हते.

१८४७ मध्ये रॉबर्ट हंटर नावाचे सहकारी त्यांना येऊन मिळाले. दोघांनाही दगडांचं वेड. सवड मिळाली की नागपूरच्या आसपास पायी हिंडायचं, हातात हातोडी. टाकळी परिसरात त्यांना काळ्या दगडाच्या थरांमध्ये दबलेले शिंपले, बिया आणि फळांचे जीवाश्म सापडले. मांगली गावाजवळ एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी मिळाली. नागपूरच्या भूगर्भावर दोघांनी मिळून लिहिलेला निबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. इथल्या एका हिरवट खनिजाला हिस्लोपाइट हे नाव मिळालं आणि गोड्या पाण्यातल्या एका सूक्ष्म जीवाला हिस्लोपिया. परिसर अभ्यास म्हणतात तो हाच नाही का!

गोंड वस्त्यांमध्ये

दगड शोधत फिरताना हिस्लॉप गावागावांत जायचे. तिथे त्यांना गोंड, कोरकू असे अनेक समाज भेटले. त्यांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, लग्नाच्या रीती वेगळ्या. दगडाचा थर जसा ते नीट बघायचे, तसंच ते या माणसांचं बोलणं नीट ऐकायला लागले. वेगवेगळ्या जमातींच्या भाषांमधल्या शब्दांच्या याद्या त्यांनी केल्या. पाण्याला काय म्हणतात, आगीला काय म्हणतात, आईला काय म्हणतात, हे शेजारी शेजारी मांडलं.

गोंडांमध्ये परधान नावाचा गायक समाज आहे. गोंडांच्या कुळांचा, देवांचा, पूर्वजांचा इतिहास परधानांच्या गळ्यात असतो. किंगरी वाजवून ते तो गातात. पोथी नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. अशा एका परधानाकडून हिस्लॉप यांना लिंगोची मोठी गाथा मिळाली. गोंडी भाषेला तेव्हा लिहिण्याची सर्वत्र चालणारी लिपी नव्हती. म्हणून मूळ गोंडी शब्द रोमन अक्षरांत उतरवले गेले आणि त्यांचा इंग्रजी अर्थ दिला गेला. महत्त्वाचं हे की नुसता सारांश ठेवला नाही. गोंडी शब्दही ठेवले.

लिंगोची कथा

हिस्लॉप यांच्या कागदांतली कथा थोडक्यात अशी आहे.

गोंड जन्माला आले आणि सगळीकडे पसरले. महादेवाला त्यांचा त्रास वाटू लागला. त्याने अंगाच्या मळापासून एक खार केली आणि सोडून दिली. खारीच्या मागे धावत सगळे गोंड एका गुहेत शिरले. महादेवाने गुहेच्या तोंडावर प्रचंड शिळा लावली. फक्त चार भाऊ बाहेर राहिले. ते डोंगरदऱ्यांत पळून गेले.

इकडे एका फुलातून लिंगोचा जन्म झाला. मोठा झाल्यावर त्याला हे चार भाऊ भेटले. त्यांनी जंगल तोडून शेत केलं, शिकार केली, पण शिजवायला आग नव्हती. रिकाड गवडी नावाच्या राक्षसाकडे आग होती. धाकटा भाऊ चोरून आणायला गेला आणि फजिती होऊन परत आला. मग लिंगोने भोपळ्याचं वाद्य केलं, झाडावर बसून वाजवलं आणि म्हातारा राक्षस ते ऐकून नाचायलाच लागला! आग तर मिळालीच, वर त्याने आपल्या सात मुली सोबत पाठवल्या. लिंगोने त्यांची लग्नं चार भावांशी लावून दिली.

पुढे याच भावांनी खोट्या आरोपावर विश्वास ठेवून लिंगोला ठार केलं. देवाच्या कृपेने तो पुन्हा जिवंत झाला. सूड घेण्याऐवजी तो गुहेत कोंडलेल्या आपल्या लोकांना शोधायला निघाला. चंद्राला विचारलं, सूर्याला विचारलं. महादेवाने अट घातली की बिंदो पक्ष्याची पिल्लं आणून दे. ती पिल्लं दर वेळी एक मोठा नाग खाऊन टाकायचा. लिंगोने नागाला मारलं, पिल्लं वाचली आणि त्या पक्ष्यांनीच त्याला पंखांवरून नेलं. शेवटी शिळा हलली आणि गोंड सुटले. मग लिंगोने त्यांना कुळं वाटून दिली आणि लग्नाच्या रीती घालून दिल्या. चार देव, पाच देव, सहा देव, सात देव अशी जी विभागणी गोंड समाज आजही सोयरीक जुळवताना पाळतो, तिचं मूळ लिंगोपर्यंत नेलं जातं. पुराच्या वेळी मगरीने दगा दिला आणि कासवाने पैलतीरी नेलं, म्हणून कासवाला इजा करायची नाही, हेही याच गाथेत येतं.

आता प्रोमिथियसची गोष्ट आठवा. तो आग चोरतो आणि त्याला भयंकर शिक्षा होते. आपल्या विदर्भातल्या गाथेत चोरी फसते आणि आग मिळते ती संगीताने. माझ्या वर्गात या एका फरकावर पूर्ण तास चर्चा झाली.

त्याच काळात जगात इतरत्रही अशी कामं चालू होती. जर्मनीत ग्रिम बंधूंनी १८१२ पासून लोककथा छापल्या. फिनलंडमध्ये एलियास ल्यॉनरोट या डॉक्टरने गावोगावच्या गायकांची गाणी जमवून १८३५ मध्ये 'कालेवाला' तयार केलं. ते आपल्याच लोकांची गाणी जमवत होते. हिस्लॉप मात्र परक्या देशात परक्यांचा धर्म लिहीत होते, आणि स्वतः दुसरा धर्म सांगायला आलेले होते. तरीही त्यांनी ते लिहिलं.

४ सप्टेंबर १८६३

१८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला आणि रिचर्ड टेंपल त्याचे मुख्य आयुक्त झाले. त्यांना हिस्लॉप यांच्या माहितीचं मोल कळत होतं. सप्टेंबर १८६३ मध्ये दोघे नागपूरच्या दक्षिणेला टाकळघाट इथे गेले. तिथे प्राचीन काळातली दगडांची वर्तुळं आहेत. आपल्या भागात अशी शिळावर्तुळं पुष्कळ आहेत, जुनापाणीची तर प्रसिद्धच आहेत.

वर्तुळं बघून झाली. टेंपल आणि मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉप मागे थांबले, कारण त्यांना तिथली शाळा तपासायची होती. मुलांची परीक्षा घेऊन ते संध्याकाळी घोड्यावरून एकटेच निघाले. वरच्या बाजूला पाऊस झाला होता आणि सकाळी सहज ओलांडलेल्या नाल्याला आता पूर आला होता. मुक्कामावर घोडा पोहोचला, स्वार नव्हता. लोक शोधायला धावले. हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात सापडला. चार दिवसांनी त्यांना ४६ वर्षं पूर्ण झाली असती.

आपल्यापैकी ज्यांनी पावसाळ्यात नाला ओलांडून शाळा गाठली आहे, त्यांना हा प्रसंग वाचून गलबलून येईल.

कागद वाचले

हिस्लॉप गेले तेव्हा गोंडांबद्दलचं त्यांचं लिखाण छापलेलं नव्हतं. नुसते हस्तलिखित कागद. ते कुठेतरी पडून राहिले असते, वाळवीने खाल्ले असते, तर कोणाला कळलंही नसतं. टेंपल यांनी ते गोळा केले, टिपा जोडल्या आणि १८६६ मध्ये नागपुरातूनच पुस्तक निघालं. लिंगोची गाथा त्यामुळे जगाला कळली. पुढे फोर्सिथ नावाच्या अधिकाऱ्याने मध्य भारताच्या जंगलांवरच्या आपल्या १८७१ च्या पुस्तकात ती इंग्रजी पद्यात मांडली.

पण गोष्ट इथे संपत नाही. कागदावर उतरलं ते एका गायकाचं, एका वेळचं गाणं होतं. लोकांच्या तोंडी कथा चालूच राहिली. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे. तिथे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव येतात. तिथे सांगितली जाणारी कथा वेगळी आहे. तिच्यात कली कंकाली मातेची ३३ मुलं गुहेत कोंडलेली असतात. पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड त्यांच्या सुटकेसाठी झटतात. हिरासुका पाटालीर हा वादक किंगरीच्या सुरांनी मुलांना बळ देतो, शिळा हलते, पण तिच्याखाली तो स्वतः प्राण गमावतो. नागपूरचे अभ्यासक डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी पुनेमवर लिहिताना लिंगोकडे धर्मगुरू आणि समाजाची घडी बसवणारा म्हणून पाहिलं आहे.

मग खरी कथा कोणती? मुलं हे विचारणारच. माझं उत्तर असं की दोन्ही ऐकायच्या. आणि ज्यांची कथा आहे, त्यांचं म्हणणं आधी ऐकायचं. हिस्लॉप यांचं मोठेपण कमी होत नाही, पण त्यांचं पुस्तक म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. एक गोष्ट मनाला लागते. कॉलेजला हिस्लॉप यांचं नाव मिळालं, खनिजाला मिळालं. ज्या परधानाने गाथा गायली, त्याचं नाव मात्र आज आपल्यापैकी कोणाच्याही तोंडी नाही.

वर्गात काय करता येईल?

१. मुलांना घरी आजी-आजोबांकडून एक जुनी गोष्ट ऐकून यायला सांगा. ती घरच्या बोलीतच लिहू द्या, प्रमाण भाषेत सुधारू नका. गोंडी, हलबी, झाडीबोली, वऱ्हाडी, जे असेल ते.
२. गोष्टीखाली सांगणाऱ्याचं नाव, नातं, गाव आणि तारीख नक्की लिहायला लावा.
३. प्रोमिथियस आणि लिंगो, दोघांची आग कशी मिळाली याची फळ्यावर तुलना करा.
४. एकच गोष्ट दोन मुलांनी वेगळी आणली तर चूक शोधू नका. दोन्ही वाचून दाखवा.

मी हा उपक्रम केला. ती मागच्या बाकावरची मुलगी आजीची गोष्ट दोन पानं भरून लिहून आली. तिच्या गोष्टीत खार नव्हती आणि महादेवही नव्हता. खाली तिने आजीचं नाव लिहिलं होतं. ते पान मी वर्गाच्या भिंतीवर लावलं. पुढच्या पालकसभेला आजी स्वतः आली, बराच वेळ त्या पानासमोर उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं. नातीने तिला तिचीच गोष्ट वाचून दाखवली, आणि आजीने मध्येच थांबवून दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली. आम्ही ती लगेच करून घेतली.

तुमच्या शाळेत अशा गोष्टी मिळाल्या तर नक्की कळवा.