चित्रकार धुरंधरांची वाट

आमच्या तेलगावच्या भजनात एक होतकरू पोर आहे. बुवांची चाल त्याला हुबेहूब येते. परवा त्याने डोळ्यांत पाणी आणून विचारले, की माझा स्वतःचा गळा मला कधी सापडणार? तेव्हा आम्ही त्याला एका चित्रकाराचे चरित्र सांगितले. तेच येथे देत आहो.

महादेव विश्वनाथ धुरंधर यांचा जन्म १८ मार्च १८६७ चा, कोल्हापूरचा. तेथे आबालाल रहिमान यांची चित्रे पाहून त्यांना या कलेची गोडी लागली. १८९० साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत दाखल झाले. तेथली शिकवण सारी विलायती वळणाची. तिचीच नक्कल करण्यात जन्म गेला असता, तर आज त्यांचे नाव कुणी घेतले नसते. धुरंधरांनी ती शिस्त टाकली नाही, अंगी मुरवली. पण नजर ठेवली ती आपल्या माणसांवर. लग्नघर, बाजार, देवदर्शन, सणवार हे त्यांचे विषय झाले. पगडीच्या बांधणीवरून, लुगड्याच्या नेसणीवरून माणूस कुठला ते ओळखावे, इतके त्यांचे पाहणे बारीक!

१८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुढे त्याच कलाशाळेत ते शिक्षक झाले. काही काळ संचालकपदही त्यांनी सांभाळले. नोकरी सांभाळून हात मात्र चालूच होता. श्रावणात आपल्या घरी वाचतात त्या वारांच्या कहाण्या किंकेड साहेबांनी इंग्रजीत आणल्या. १९१४ च्या त्या पुस्तकातली चित्रे धुरंधरांचीच. १९२० साली भारतातल्या स्त्रियांवरील रॉथफील्ड साहेबांच्या पुस्तकालाही त्यांनीच चित्रे दिली. हजारो चित्रे त्या हातून उतरली, तेव्हा कुठे त्यांची रेघ सही न पाहता ओळखू येऊ लागली. १ जून १९४४ रोजी ते निवर्तले. कलाशाळेतल्या एकेचाळीस वर्षांची हकिकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

आम्ही त्या पोराला एवढेच म्हटले, की बाळा, बुवांची चाल सोडू नकोस. रोज म्हण, आणि म्हणताना तुझ्या आईचे जाते, बापाचे शेत डोळ्यांपुढे आण. गळा शोधून सापडत नाही. सेवा करता करता तो उमटतो.

पोराने डोळे पुसले आणि टाळ उचलले.